बेदाणा शेडमधली गाडी आणि दोन बादल्या पाणी

फोन पुण्याहून आला, काम निघालं तासगावच्या अलीकडचं. "काका, मामांच्या मळ्यात आमची मोटरहोम उभी असते. बॅटऱ्या सारख्या बसतात. आणि आता मामी म्हणतात, गाडीला हात लावला की झिणझिण्या येतात." नुसत्या बॅटऱ्यांसाठी मी पुढच्या आठवड्यात गेलो असतो. झिणझिण्यांचं ऐकलं आणि त्याच दुपारी निघालो. निघताना मामांना फोन करून सांगितलं, मोटरच्या पेटीचा मेन स्विच खाली करा आणि मी येईपर्यंत गाडीला कुणी शिवू नका.

मी सांगलीत विजेची कामं करतो. कोल्ड स्टोअरेज, हळदीच्या गिरण्या, बेदाण्याचे कारखाने, मळ्यातल्या वस्त्या. मोटरहोम त्याआधी दोनच पाहिल्या होत्या, त्यामुळे हे प्रकरण मी वहीत जरा सविस्तर लिहून ठेवलं. आकडे त्या वहीतलेच आहेत.

गाडी टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली. आत दोन पलंग, बारा व्होल्टवर चालणारा छोटा फ्रिज, गॅसची शेगडी, छतावर एसी. आतल्या वापरासाठी दीडशे अँपिअर-अवरच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या जोडीनं लावलेल्या, शिवाय इन्व्हर्टर आणि चार्जर. छतावर सोलरचे दोन पॅनेलसुद्धा. बाहेरची लाईट घ्यायला अंगावर निळं, तीन पिनांचं तोंड. पुण्याच्या सोसायटीनं एवढं धूड लावायला जागा दिली नाही, म्हणून गाडी मामांच्या बेदाणा शेडच्या पुढच्या पडवीत आली. हिशेब तसा चोख होता. बेदाण्याचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. उरलेले महिने शेडमध्ये हिरव्या जाळ्या आणि पाखरं याशिवाय काही नसतं. वर पत्रा असल्यानं ऊन नाही, गारपीट नाही.

पत्र्याखाली छतावरचे दोन्ही पॅनेल मात्र आंधळे झाले, ही गोष्ट तीन वर्षांत कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. माझ्याही ती दुसऱ्या दिवशी आली.

पोचलो तेव्हा आबा (म्हणजे मामा, त्या भागात सगळे त्यांना आबाच म्हणतात) पडवीत खुर्ची टाकून बसले होते. "मेस्त्री, गाडीत काय बी नाही. लाईटच कमी दाबानं येती. दोन बादल्या पाणी ओतलं की चालू होतंय बघा."

"पाणी कुठं ओतता?"

त्यांनी शेडच्या कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं जमिनीतून वीतभर लोखंडी रॉड वर आलेला होता, त्याला जाड तार गुंडाळलेली, भोवती ओल. माझं निम्मं निदान तिथंच झालं. उरलेलं निम्मं त्यांच्या पुढच्या वाक्यानं झालं: "आन् एक सांगतो. त्या कोपऱ्यात म्हस बांधत होतो आधी. पंधरा दिवसांत दावं तोडाय लागली. उभीच ऱ्हाईना." गुरांना माणसापेक्षा कमी दाबाचा करंट कळतो. पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, खूर ओल्या जमिनीवर, पायांत चप्पल नाही. म्हशीनं जे ओळखलं ते आम्ही लोक टेस्टर लावून शोधत बसतो.

आता जोडणी. गाडीबरोबर आलेली मूळ केबल चांगली होती, रबराची, तीन कोअरची, दोन्ही टोकांना निळे इंडस्ट्रियल प्लग. कुपवाडच्या एमआयडीसीत असं सॉकेट कुठल्याही दुकानात मिळतं, पण मळ्यात ते असणार कुठून? मग गावातल्या कुणीतरी एका टोकाचा प्लग कापून वायरी मोकळ्या केल्या होत्या आणि पुढं एक चौरस मिलीमीटरची पंचवीस मीटर साधी वायर जोडून ती मोटरच्या पेटीत नेली होती. जोडाला काळी टेप. मधला बराचसा प्रवास द्राक्षाच्या मांडवावरून. हे पाहून मी आबांना तिथंच थांबवलं. मांडव म्हणजे लोखंडी अँगल आणि जस्ती तारांचं एकच मोठं जाळं. वाऱ्यानं घासून वायरीचं कवच एका जागी जरी फाटलं, तरी सबंध बागेच्या तारा जिवंत होणार, आणि खरड छाटणीला तिथं पंधरा बायामाणसं हात वर करून उभी असतात. त्या वायरीवर दोन ठिकाणी तांबं उघडं पडायच्या बेतात होतं. आधी ती वायर खाली उतरवली, मग बाकीचं बोललो.

पेटीत पाहिलं. शेतीपंपाला डीपीवरून, म्हणजे मळ्याजवळच्या ट्रान्सफॉर्मरवरून, तीन फेज येतात. मोटरला न्यूट्रल लागत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी तो पेटीपर्यंत आणलेलाच नसतो. इथंही नव्हता. मग गाडीला 230 व्होल्ट मिळत होते कसे? एक फेज पेटीतून घेतलेली आणि परतीची तार सरळ त्या कोपऱ्यातल्या रॉडला. मळ्यामळ्यांत पेटीवरचा बल्ब असाच लागतो, त्याला 'अर्थिंगवरचा बल्ब' म्हणतात. बल्बाचं भागून जातं कारण तो जेमतेम अर्धा अँपिअर ओढतो. गाडीच्या केबलमध्ये तीन तारा होत्या. गावच्या वायरमननं निळी आणि हिरवी एकत्र पिळून रॉडला बांधली. त्याच्या दृष्टीनं दोन्ही 'अर्थिंगच्याच'.

मी मेन चालू करून, हातमोजे घालून मापं घेतली. काही जोडलेलं नसताना फेज ते रॉड 238 व्होल्ट. कुणीही मल्टीमीटर लावला तर म्हणेल, लाईट उत्तम आहे. चार्जर लावला, तो 1.4 अँपिअर ओढू लागला आणि गाडीच्या तोंडावर 187 व्होल्ट उरले. गेले कुठं पन्नास व्होल्ट? अर्थ टेस्टरनं रॉड मोजला तर 31 ओहम. 1.4 गुणिले 31 म्हणजे 43 व्होल्ट एकट्या त्या रॉडवर बसलेले. बाकीचे डीपीच्या अर्थिंगमध्ये आणि बारीक वायरीत.

आणि हे 43 व्होल्ट नुसते वाया जात नव्हते. गाडीची बॉडी हिरव्या तारेनं त्याच रॉडला बांधलेली. म्हणजे चार्जर चालू असताना अख्खी गाडी जमिनीपेक्षा 43 व्होल्टनं वर, चार रबरी टायरांवर उभी. खात्रीसाठी मी गाडीपासून लांब ओल्या मातीत खिळा ठोकला आणि बॉडी ते खिळा मोजलं: 41. मामी भांडी घासून ओल्या पायांनी, ओल्या हातानं दाराच्या दांडीला हात लावत होत्या. पायांत चपला होत्या म्हणून नुसती झिणझिण झाली. चपला नसताना, पावसात काय झालं असतं ते मी त्यांच्यासमोर बोललो नाही, आबांना बाजूला घेऊन सांगितलं.

दोन बादल्यांचं कोडंही इथंच सुटतं. त्या चार्जरची खालची मर्यादा साधारण 190 व्होल्टची. उन्हाळ्यात मुरूम वाळला की रॉडचा अडथळा वाढतो, दाब 190 च्या खाली जातो, चार्जर बंद पडतो. बंद पडला की करंट थांबतो, दाब पुन्हा 238. चार्जर परत चालू होतो, परत बंद. पाणी ओतलं की माझ्या मापानुसार रॉड 22 ओहमवर आला, गाडीला 200 च्या वर मिळू लागले, चार्जरचा हिरवा दिवा लागला. आबांचा अनुभव शंभर टक्के खरा होता. फक्त ते ज्या जागी चिखल करत होते, तिथूनच सगळा करंट जमिनीत जात होता. एसी लावून पाहिला, तो नुसता गुरगुरला. पाच अँपिअर ओढायला गेला असता तर 31 ओहमच्या हिशेबानं दीडशेच्या वर व्होल्ट रॉडनंच खाल्ले असते.

भाचा तोवर पुण्याहून येऊन पोचला होता. त्याचा प्रश्न रास्त होता: "पण काका, गाडीत आरसीसीबी आहे. दर महिन्याला टेस्ट बटण दाबतो, पडतो तो. मग यात का नाही पडला?" आरसीसीबी म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच. त्याचं टेस्ट बटण आतच थोडा करंट मुद्दाम बाजूनं वळवतं. त्यातून यंत्र जिवंत आहे एवढं कळतं, अर्थिंगचं काहीच कळत नाही. आरसीसीबी बघतो काय, तर फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला की नाही. इथं तो बरोबर परत येत होता, न्यूट्रलच्याच तारेनं. ती तार पुढं जमिनीत खुपसली आहे, हे त्याला दिसायचं कारण नाही. अर्थिंग वाईट होतं का? तसंही नाही. 30 मिलीअँपच्या आरसीसीबीला 31 ओहमचा रॉड संरक्षणापुरता सहज चालला असता. अर्थिंगकडून न्यूट्रलचं काम करून घेतलं, तिथं घोळ झाला.

बॅटऱ्या बसायचं कारण मात्र वेगळं निघालं. सगळ्यांनी त्याचंही खापर कमी दाबावर फोडलं होतं. मी बॅटरीच्या तारेत मीटर घालून, गाडीतलं सगळं 'बंद' असताना मोजलं. 0.9 अँपिअर. बंद गाडी एवढं खाते कशाला? इन्व्हर्टरचं बटण चालूच होतं. काही लोड नसला तरी तो जागा राहायला 0.8 अँपिअर घेत होता, म्हणजे दिवसाला जवळजवळ 20 अँपिअर-अवर. दोन्ही बॅटऱ्या मिळून 300. निम्म्याच्या खाली नेऊ नये असं धरलं तर आठवडाभरात संपल्या. शेतीच्या फीडरला थ्री फेज लाईट दिवसाला आठ तास, तीही कधी दिवसा कधी रात्री. ती असेल तेव्हा चार्जर धडपडत थोडंफार भरायचा, गाडी तगून राहायची. पावसाळ्यात डीपी जळाली किंवा फ्यूज गेला की आठ-दहा दिवस लाईट नाही. दर वेळी बॅटऱ्या त्याच दिवसांत बसत होत्या, पण तारखा कुणी जुळवून पाहिल्या नव्हत्या. उरलेले 85 मिलीअँप ट्रॅकर, गॅसगळतीचा अलार्म आणि रेडिओची आठवण यांचे. ते दिवसाला दोन अँपिअर-अवर. ते चालायचंच.

दोन्ही बॅटऱ्या सोडवून रात्रभर वेगळ्या ठेवल्या. सकाळी 11.3 आणि 11.2. आबांच्या ट्रॅक्टरच्या चार्जरवर सावकाश भरल्यावर हायड्रोमीटर (आतल्या ॲसिडची घनता मोजायची नळी) घातला. एकीचे सहाही सेल 1.220 च्या आसपास, ती वाचण्यासारखी. दुसरीचा एक सेल 1.120 वर अडला. ती भंगारात.

उपाय काय यावर मात्र दुसऱ्या दिवशी शेडमध्ये चांगला दीड तास वाद झाला. वाद म्हणतो, कारण आबांचं म्हणणं सोपं होतं: "पेटीत न्यूट्रल आणा की. डीपीवरनं एक तार ओढली की झालं. बिल येतंय कुठं?" 2024 पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना बिल नाही, त्यामुळे मळ्यात हा विचार आता सर्रास ऐकू येतो. पण शेतीपंपाची जोडणी पंपासाठी मंजूर असते. त्यावर घरगुती वापराची गाडी चालवणं हे 2003 च्या विद्युत कायद्याच्या कलम 126 मध्ये अनधिकृत वापरात मोडतं. आकारणी लागू दराच्या दुप्पट, आणि किती दिवस चाललं ते ठरवता आलं नाही तर मागचे बारा महिने धरतात. आबांना कायद्यापेक्षा दुसरी गोष्ट पटली. फीडरवर कुणी सिंगल फेजच्या वेळात कपॅसिटर लावून मोटर चालवली की पेटीतल्या फेजांचा दाब कसा वरखाली होतो, ते त्यांनी स्वतःच्या दोन जळालेल्या मोटरींवरून ओळखलं होतं. लाखाचं सामान असलेली गाडी त्या तारेवर लावायची का, असं विचारल्यावर ते गप्प झाले.

भाच्याचा पर्याय होता वस्तीवरच्या घरगुती मीटरवरून केबल आणायचा. घर ते शेड 90 मीटर. जाऊन-येऊन 180. अडीच चौरस मिलीमीटरच्या तांब्यात एवढ्या लांबीला 1.3 ओहम, तेरा अँपिअरवर 17 व्होल्ट गेले. संध्याकाळी घरातच 204 असतात, म्हणजे गाडीत 187. पुन्हा तेच ठिकाण. सहा चौरस मिलीमीटर घेतली तर सातच व्होल्ट जातील, पण मग आर्मर्ड केबल, अडीच-तीन फूट खोल चर, तोही बागेच्या ओळींमधून जिथं रोज ब्लोअरचा ट्रॅक्टर फिरतो. खर्च काढला आणि मग मी त्याला विचारलं, "वर्षात किती दिवस शेडमध्ये एसी लावतोस?" तो म्हणाला, "शेडमध्ये? नाही लावत. निघायच्या आदल्या दिवशी आत गार करून, फ्रिज भरून ठेवतो, तेवढंच." म्हणजे वर्षाला सहा-आठ दिवस.

एवढ्यासाठी तीन वर्षं वायरी ओढणं चाललं होतं. उभ्या गाडीला दिवसाला दोन अँपिअर-अवर हवेत, आणि निघायच्या आदल्या दिवशी तेरा अँपिअर. ही दोन निराळी कामं. एकाच वायरीनं दोन्ही करायला गेलं की ती वायर दोन्हींना पुरत नाही.

म्हणून शेडमधली 230 ची जोडणी पूर्ण काढून टाकली. पडवीच्या पत्र्यावर दक्षिणेला तोंड करून शंभर वॉटचा एक पॅनेल, आत भिंतीवर छोटा कंट्रोलर, आठ मीटर डीसी केबल, बॅटरीच्या जवळ पंधरा अँपिअरचा फ्यूज आणि जोडायला राखाडी अँडरसन कनेक्टर, जो उलटा बसतच नाही. तासगावच्या उन्हात असा पॅनेल चांगल्या दिवशी 25 च्या आसपास अँपिअर-अवर देतो. आपल्याला हवेत दोन. हा दुष्काळी पट्टा, पावसाळ्यातही आभाळ दिवसच्या दिवस गच्च राहतं असं क्वचित. पाचवा हिस्सा मिळाला तरी भागतं. भाच्याला छतावरचे पॅनेल काढून पत्र्यावर लावायचे होते. ते चिकटवून, वर रिव्हेट मारून बसवलेले. उचकटले असते तर छप्पर गळकं झालं असतं. राहू दिले, प्रवासात आहेतच उपयोगाला. बॅटरीच्या वजा टोकाला फिरवून बंद करायचा मोठा स्विच बसवला आणि ट्रॅकर व गॅसचा अलार्म तेवढे त्याच्या अलीकडून फ्यूजवर घेतले. इंजिनच्या बॅटरीचा क्लॅम्प उभी असताना सोडून ठेवायचा, हे मात्र हातानंच.

मोठ्या लोडसाठी गाडीच घरी न्यायची ठरली. अंगणात, ओसरीच्या भिंतीला, स्वतंत्र एमसीबी आणि 30 मिलीअँपच्या आरसीसीबीवर निळं इंडस्ट्रियल सॉकेट बसवलं. गाडीची मूळ केबल पुन्हा प्लग लावून पूर्ववत केली. घरातल्या जुन्या पॉवर पॉइंटचं तिसरं भोक टेस्ट लॅम्पनं पाहिलं, तर त्यात वायरच नव्हती. भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असं घरात सगळे धरून चालले होते. नवा खड्डा घेतला. काळ्या रानात तो 4 ओहमवर आला. मंजूर भार कमी होता, तो वाढवायचा अर्ज आबांनी स्वतः केला.

आणि गाडी अंगणात आणून प्लग लावला, तर आरसीसीबी क्षणात पडला.

परत लावला, परत पडला. गाडीतले सगळे एमसीबी खाली केले, तरी पडला. आबा म्हणाले, "शेडमध्ये तर असं होत नव्हतं." त्यांच्या दृष्टीनं मी चालणारी गोष्ट बिघडवली होती, आणि खरं सांगायचं तर अर्धा तास मलाही तसंच वाटत होतं. प्लग काढून गाडीच्या तोंडावर न्यूट्रल ते अर्थ मोजलं: शून्य ओहम. तोंडामागची पेटी उघडली. आत मातीच माती. कुंभारमाशीनं अख्खं घर केलेलं, पिनांच्या मागची जागा लिंपून टाकलेली. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात त्या खोलीशेजारी ही गाडी हंगामभर ताडपत्रीखाली उभी होती, त्यामुळे पितळ काळंहिरवं पडलेलं. मला वाटलं दोष या घाणीतच असेल. सगळं खरवडलं, साफ केलं. तरी शून्यच.

मातीच्या खाली एक नीट कापलेली, नीट आवळलेली तांब्याची पट्टी सापडली. न्यूट्रल आणि बॉडी एकमेकांना जोडणारी. चुकून लागलेली नव्हे, गाडी बांधणाऱ्यानं मुद्दाम लावलेली. कारण शोधायला भाच्याला बरेच प्रश्न विचारावे लागले. शेवटी निघालं की गाडी घेताना त्यानं पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटरही घेतला होता. अशा जनरेटरचं न्यूट्रल कुठंच बांधलेलं नसतं, आणि ते बॉडीला बांधल्याशिवाय गाडीतला आरसीसीबी गळती ओळखू शकत नाही. म्हणून बांधणाऱ्यानं दुवा दिला. विचार बरोबर होता, जागा चुकली. जनरेटर आणि बाहेरची लाईट एकाच तोंडातून येतात, त्यामुळे तो दुवा दोन्हींना लागू झाला. घरच्या लाईटला न्यूट्रल आणि अर्थ यांत दोन-तीन व्होल्टांचा फरक असतोच. पट्टीनं ते जोडल्याबरोबर चार ओहमच्या खड्ड्यातून अर्धा अँपिअर वाहिला. घरच्या आरसीसीबीला 30 मिलीअँपच पुरतात. गाडीतल्या आरसीसीबीला हे दिसत नव्हतं कारण पट्टी त्याच्या अलीकडं होती. शेडमध्ये दिसायचा प्रश्नच नव्हता. तिथं निळी आणि हिरवी आधीच एकत्र पिळलेली, आणि पेटीत आरसीसीबी नावाची वस्तूच नाही.

या पट्टीचा मला रॉडपेक्षा जास्त धसका बसला. गाडी फिरती. एखाद्या ढाब्यावर फेज आणि न्यूट्रल उलटे असलेला प्लग मिळाला असता, तर फेज सरळ बॉडीवर आली असती. अर्थिंग चांगलं असेल तर एमसीबी पडेल. ढाब्यावरचं अर्थिंग कसलं असतं ते मी लिहायला नको. भाचा तीन वर्षं कोकणात, गोव्यात फिरला. "एकदा गुहागरकडे एका ठिकाणी प्लग लावताच ठिणगी उडून त्यांचा फ्यूज गेला होता," हे त्याला तेव्हा आठवलं.

पट्टी काढली. दुवा जनरेटरच्या बाजूला नेला: एका निळ्या प्लगात न्यूट्रल-अर्थ जोडून, त्यावर लाल रंग मारून, तो जनरेटरच्या दुसऱ्या सॉकेटातच राहील असा साखळीनं बांधला. गाडी बाहेरच्या लाईटवर असताना त्याचा संबंध येत नाही. इन्व्हर्टरला स्वतःचा आतला रिले आहे, तो इन्व्हर्टरवर चालताना दुवा लावतो आणि बाहेरची लाईट आली की सोडतो, हे दोन्ही स्थितींत मोजून पाहिलं. मग अंगणात प्लग लावला. आरसीसीबी उभा राहिला. एसी लागला. दुपारी 221, संध्याकाळी सातला एसी चालू असताना 199. फार नाही, पण चालतं. सातनंतर एसी आणि घरचा गीझर एकत्र लावू नका एवढं मामींना सांगितलं. गीझर त्यांच्याच हातात असतो.

उंदरांनी मागच्या कॅमेऱ्याची वायर दोन ठिकाणी कुरतडली होती, तीही बदलली. बेदाण्याच्या शेडमध्ये गोडाचा वास वर्षभर राहतो, हे होत राहणार. निळ्या तोंडाला झाकण आहे पण स्प्रिंग सैल, म्हणून आत बसेल असं रबराचं बूच दिलं. पुढच्या हंगामात धुरीच्या दिवसांत गाडी शेडजवळ ठेवू नका, घराकडं आणा, असंही म्हटलंय. आबा हो म्हणाले. आणतील असं वाटत नाही.

ऑक्टोबर छाटणीच्या सुमाराला तिकडून जाताना थांबलो. वाचलेली बॅटरी आणि तिच्या जोडीला घेतलेली नवी वेगवेगळ्या वयाच्या, म्हणून त्या एकत्र न बांधता भाच्यानं पुढं दोन्ही नव्याच घेतल्या होत्या. जुनी आता आबांच्या टीव्हीला. गाडीच्या बॅटऱ्या, पाऊस संपून पंधरा दिवस झाले तेव्हा, 12.7. कनेक्टर काढून तासाभरानं मोजल्या, तरी 12.7.

कोपऱ्यातला रॉड अजून होता. तार मी काढली होती, त्यामुळं पेटीवरचा बल्बही गेला होता, आणि रात्रपाळीला मोटर चालू करायला अंधारात जायचं म्हणून आबांनी माझ्यावर जरा राग धरला होता. मी जीपमधून बॅटरीवरचा एक दिवा आणून पेटीच्या दारात आतून बसवून दिला. त्यांनी दार दोनदा उघडून मिटून पाहिलं. म्हैस त्याच कोपऱ्यात, रॉडालाच बांधलेली होती.